दम कोणाचा, माप कोणाचे?

इब्न सिनाच्या 'अल-कानून'मध्ये व्यायामाची व्याख्या आहे. अकराव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात लिहिलेला हा ग्रंथ. व्यायाम म्हणजे काय हे सांगताना तो हातपायांबद्दल बोलत नाही, घामाबद्दल नाही, ताकदीबद्दलही नाही. माणूस स्वतःच्या इच्छेने करतो अशी हालचाल, जिच्यामुळे त्याला मोठे आणि भराभर श्वास घेणे भाग पडते, ती रियाजत, असा त्याच्या सांगण्याचा आशय. म्हणजे व्यायाम झाला की नाही, हे छातीने सांगायचे.

हे वाचल्यावर आपल्याकडच्या काही सभा आठवतात. वक्ते टेबलावर हात आपटून सांगतात की विज्ञान सगळे आमच्याचकडून गेले. मला त्या भाषणांचा कंटाळा आहे. हजार वर्षांपूर्वी कोणी काय लिहिले हे महत्त्वाचे आहेच. पण त्या लिहिण्याचा आज दम लागलेल्या माणसाला काय उपयोग झाला, मध्ये कोणाच्या हातात काय गेले आणि कोणी त्याचे काय केले, हा इतिहास जास्त मोलाचा. छाती तपासण्याचा इतिहास त्यासाठी मला सोयीचा वाटतो, कारण त्यात अभिमान वाटावा असेही पुष्कळ आहे आणि मान खाली जावी असेही.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्याकडे हृदयाचे आणि फुफ्फुसाचे रुग्ण येतात. बायपास झालेले, जुने दमेकरी, टीबी बरा होऊनही एक फुफ्फुस आखडून बसलेले, कोविडनंतर जिन्यात थांबणारे. व्यायाम शिकवण्याआधी ती बराच वेळ नुसती तपासत असते आणि रुग्णाच्या घरचे वैतागतात. ती आधी विचारते: किती मजले चढल्यावर दम लागतो, रात्री किती उशा लागतात, कफाचा रंग कोणता. मग पाहते: ओठ निळसर आहेत का, बोटांची टोके फुगली आहेत का, श्वास घेताना मानेचे स्नायू ताणले जातात का. खालच्या बरगड्यांवर दोन्ही हात ठेवून, श्वासाबरोबर आपले अंगठे एकमेकांपासून किती सरकतात ते बघते. छातीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकते. स्टेथोस्कोप लावते. शेवटी रुग्णाला चालवते आणि पुन्हा नाडी मोजते. तिच्या पुस्तकात हे सगळे एका तक्त्यात आहे, जणू एकाच माणसाने एका दुपारी ठरवले असावे. खरे तर त्या तक्त्याची प्रत्येक ओळ वेगळ्या शतकातली, वेगळ्या गावातली आहे.

बोटांची टोके फुगण्याचे लक्षण ग्रीक वैद्यांच्या लिखाणात सापडते. नाडीवर ग्रीकांनी लिहिले, चिन्यांनी लिहिले. इब्न सिनाने नाडीचे दहा गुण मोजून ठेवले. तिची उसळी किती, वेग किती, मधली विश्रांती किती, धमनी मऊ की कडक, ठोके सारखे की विस्कळीत, असे. आपल्या मोहल्ल्यांतले जुने हकीम मनगटावर तीन-चार बोटे ठेवून डोळे मिटत, ते याच परंपरेतून. त्यातल्या किती गोष्टी आजच्या कसोटीला उतरतील हा प्रश्न वेगळा, पण रुग्णाला घाई न करता हात लावून बसणे ही गोष्ट त्या परंपरेने टिकवली.

इथे इब्न अल-नफीसकडे यावे लागते, कारण हृदय आणि फुफ्फुस यांचे रुग्ण एकाच विभागात का तपासतात याचे उत्तर त्याच्याकडे आहे. त्याचा जन्म 1213 च्या सुमारास दमास्कसजवळचा, हयात गेली कैरोत. गेली हजार वर्षे जालिनूस म्हणजे ग्रीक वैद्य गेलन याचा शब्द अखेरचा मानला जात होता. गेलनच्या मते हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मधल्या भिंतीतल्या न दिसणाऱ्या छिद्रांतून डाव्या कप्प्यात झिरपते. 1242 साली, तिशीच्याही आत, इब्न अल-नफीसने 'कानून'मधल्या शरीररचनेवर भाष्य लिहिले आणि त्यात गेलन आणि इब्न सिना दोघांनाही नाकारले. ती भिंत घट्ट आहे, तिच्यात दिसणारी छिद्रे नाहीत आणि न दिसणारीही नाहीत. रक्त उजवीकडून फुफ्फुसात जाते, तिथे हवेशी मिसळते आणि मग डाव्या कप्प्यात येते, असे त्याचे म्हणणे. शवविच्छेदनापासून शरीयत आणि मनातली कणव आपल्याला रोखते असे त्याच भाष्यात त्याने लिहिले आहे. मग हे कळले कसे, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. काहीही असो, हृदय आणि फुफ्फुस हे एकाच वाटेवरचे दोन थांबे आहेत हे त्याने कागदावर आणले. भाचीच्या विभागाच्या पाटीवर 'कार्डिओरेस्पिरेटरी' असा जो लांबलचक शब्द आहे, तो या वाटेचाच.

पुढचे मात्र सभेत कोणी सांगत नाही. युरोपात मिखाएल सर्व्हेटसने 1553 साली हीच वाट वर्णन केली, विल्यम हार्वेचे रक्ताभिसरणावरचे पुस्तक 1628 साली आले, आणि इब्न अल-नफीसचे भाष्य हस्तलिखितांत पडून राहिले. 1924 साली मुहयुद्दीन अल-तत्तावी या इजिप्शियन डॉक्टरने जर्मनीत शिकत असताना बर्लिनच्या ग्रंथालयातली प्रत वाचली आणि फ्रायबुर्ग विद्यापीठाला दिलेल्या प्रबंधात ती जगासमोर ठेवली. 1288 साली मरताना इब्न अल-नफीसने आपले घर आणि पुस्तके कैरोच्या मन्सुरी इस्पितळाला देऊन टाकली होती. इस्पितळाला पुस्तके मिळाली. पण तिथल्या रुग्णाच्या उशाशी बसलेल्या हकिमाची तपासणी या शोधामुळे बदलल्याचे दिसत नाही. याची खंत अभिमानापेक्षा मोठी असायला हवी.

तपासणी बदलली ती अठराव्या शतकात, आणि तीही एका खानावळवाल्याच्या मुलामुळे. लेओपोल्ड आऊएनब्रुगर ऑस्ट्रियातल्या ग्राझचा. पिंपात दारू किती उरली हे ठोकून ओळखतात, हे त्याने लहानपणी घरी पाहिले असणार, असे त्याच्याविषयी नेहमी सांगतात. व्हिएन्नाच्या इस्पितळात त्याने रुग्णांच्या छातीवर बोटांनी ठोकले. हवा असेल तिथे पोकळ आवाज, पाणी किंवा घट्टपणा असेल तिथे भरीव. 1761 साली त्याने छोटेसे लॅटिन पुस्तक काढले. जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही. नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिसार याने 1808 साली त्याचे फ्रेंच भाषांतर केले तेव्हा कुठे ठोकणे मान्य झाले. पुढच्याच वर्षी आऊएनब्रुगर वारला.

कॉर्व्हिसारच्या हाताखाली शिकलेला रने लेनेक. 1816 साली पॅरिसच्या नेकेर इस्पितळात एक तरुण, स्थूल बाई हृदयाच्या तक्रारीने आली. छातीवर थेट कान ठेवणे तिच्या वयाला आणि स्त्रीपणाला शोभणारे नव्हते. लेनेकने कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर, दुसरे आपल्या कानाला. आवाज कानाने ऐकू येत असे त्याहून स्पष्ट आला. पुढे त्याने लाकडाची नळी कातली. बुरख्याआडच्या बेगमांची नाडी हकीम मनगटाला बांधलेल्या दोऱ्यावरून ओळखत, अशा दंतकथा आपल्याकडे आहेत आणि त्यांवर हसायची पद्धत आहे. पण जगातल्या प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यात जे यंत्र लोंबते तेही हयेपोटीच जन्माला आले, हे त्या हसणाऱ्यांच्या लक्षात नसते. लेनेक स्वतः 1826 साली क्षयाने गेला.

इतके सगळे ऐकू येऊ लागले, तरी रुग्णाला चालवून पाहावे असे फारसे कोणाला वाटत नव्हते. हृदयविकाराचा झटका आला की सहा आठवडे खाटेवर पडून राहायचे, हा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा रिवाज. त्यात फुफ्फुसात कफ साचे, पायांत रक्त गोठे. 1952 साली बॉस्टनचे सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना खुर्चीत बसवल्याचा अहवाल छापला. खुर्चीत, बस्स. तेवढ्यानेही गहजब झाला होता. छातीचे व्यायाम त्याआधी लंडनच्या ब्रॉम्प्टन इस्पितळात सुरू झाले होते. विनिफ्रेड लिंटन या फिजिओथेरपिस्टने 1934 साली छातीच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांना फुफ्फुसाचा नेमका भाग फुलवणारे श्वास शिकवले. मुंबईत केईएममध्ये फिजिओथेरपीचे शिक्षण पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला उभे राहिले, ते पोलिओच्या साथीमुळे.

आता यंत्राकडे येतो. मला खरे तर याच भागासाठी लिहायचे होते.

जॉन हचिन्सन हा लंडनचा डॉक्टर. पाण्यावर तरंगणारे उलटे भांडे, त्यात नळीतून फुंकायचे; भांडे जितके वर उचलले जाईल तितकी हवा. त्याने याला स्पायरोमीटर म्हटले आणि 1846 साली दोन हजारांहून अधिक लोकांची मापे प्रसिद्ध केली. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, अग्निशामक होते, पहिलवानही होते. माणूस पाच ते सहा फुटांच्या दरम्यान असेल तर दर इंच उंचीमागे आठ घन इंच हवा जास्त, इतका नेमका हिशेब त्याने मांडला. छाती भरून घेतलेला श्वास पूर्ण सोडला की जितकी हवा येते तिला त्याने 'व्हायटल कपॅसिटी' असे नाव दिले. त्याचा विमा कंपनीशीही संबंध होता. म्हणजे हे यंत्र पहिल्या दिवसापासून दोन धन्यांचे: एकाला रुग्ण बरा करायचा होता, दुसऱ्याला कोणावर पैसे लावणे धोक्याचे आहे ते ओळखायचे होते.

तिसरा धनी अमेरिकेत भेटला. दक्षिणेतल्या मळेवाल्यांचा डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट. पळून जाणाऱ्या गुलामाला 'पळण्याचा रोग' झाला आहे असे सांगणारा हाच. त्याने स्पायरोमीटर गुलामांना फुंकायला लावला आणि जाहीर केले की काळ्या माणसाची फुफ्फुसे गोऱ्याच्या तुलनेत 20 टक्क्यांनी कमी हवा घेतात. म्हणून मळ्यातली सक्तीची मेहनत त्यांच्या हिताचीच. यादवी युद्धानंतर बेंजामिन गोल्डने सैनिकांच्या मापांचा मोठा संग्रह 1869 साली छापला. त्यातही काळ्या सैनिकांचे आकडे कमी. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या माणसाने बालपणी काय खाल्ले, कुठे झोपला, कोणती दुखणी अंगावर काढली, हे त्या कोष्टकात नव्हते. वंश होता. पुढची दीडशे वर्षे पुस्तकांनी तेवढाच उचलला.

यंत्रात हा फरक 'सुधारणा' या नावाने बसला. अमेरिकेत काळ्या रुग्णासाठी अपेक्षित आकडा 10 ते 15 टक्के कमी धरत, आशियाई रुग्णासाठी 4 ते 6 टक्के कमी. याने काय होते, ते एका काल्पनिक कामगाराच्या हिशेबाने सांगतो. त्याच्या वयाच्या आणि उंचीच्या गोऱ्या माणसाकडून 4 लिटर अपेक्षित आहेत. तो 3 लिटर फुंकतो. म्हणजे 75 टक्के, आणि 80 च्या खाली असेल तर बिघाड मानायची जुनी पद्धत. आता अपेक्षित आकडा 10 टक्क्यांनी उतरवा: 3.6 लिटर. त्याचेच 3 लिटर आता 83 टक्के होतात. कागदावर 'नॉर्मल'. छातीत काही बदलले नाही. फक्त त्याच्याकडून अपेक्षा कमी केली. 1999 साली बॉल्टिमोरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या दाव्यांत एका कंपनीने अशीच मागणी केली होती, की काळ्या दावेदारांना आजारी ठरवण्याची मर्यादा आणखी खाली असावी. ती मान्य झाली नाही, पण मागणी करण्याइतके धैर्य कंपनीला त्या कोष्टकांनीच दिले होते.

आपण यात कुठे? 2012 साली जगभरची मापे गोळा करून जी समीकरणे निघाली, त्यांत भारतीय उपखंडासाठी वेगळे समीकरण नव्हते. आपल्याकडे कित्येक प्रयोगशाळांनी युरोपीय आकड्याला 0.9 ने गुणून काम भागवले. मुंबईत डॉ. फारोख उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी निरोगी भारतीयांची मापे 1987 साली प्रसिद्ध केली होती, इतर शहरांतही असे अभ्यास झाले; तरी यंत्रातला सोपा गुणक सोपाच राहिला. 2023 साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशावर आधारलेली समीकरणे सोडून सगळ्यांसाठी एकच सरासरी वापरावी अशी शिफारस केली.

हा न्याय झाला असे मी लगेच म्हणणार नाही. सरसकट एकच माप लावले तर धडधाकट माणूस कागदावर आजारी ठरू शकतो आणि त्याची नोकरी किंवा शस्त्रक्रिया अडू शकते. शरीरांत फरक असतात. पाय लांब आणि धड आखूड असेल तर त्याच उंचीला छाती लहान असते. पण भारतीय माणसाचा श्वास कमी भरतो तो रक्तामुळे, की आईच्या चुलीच्या धुरामुळे आणि लहानपणच्या अर्धपोटी ताटामुळे, हे न विचारताच त्याला 'आपल्याकडे असेच असते' म्हणून मोकळे होणे मला कार्टराइटच्या फार जवळचे वाटते. निदान रिपोर्टवर कोणते समीकरण वापरले ते लिहिलेले असते. रुग्णाने ते विचारायला हरकत नाही.

यंत्राच्या जोडीने दुसरी एक परंपरा वाढली, विचारण्याची. तिचेही मूळ कामगारांत आहे. वेल्सच्या कोळसा खाणींत धुळीने फुफ्फुसे दगडावल्यासारखी होत आणि भरपाईसाठी कोणाला किती दम लागतो हे ठरवावे लागे. चार्ल्स फ्लेचर हा डॉक्टर तिथल्या संशोधन केंद्रात होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साधे प्रश्न बांधले: चढावर दम लागतो का? सपाटीवर आपल्या वयाच्या माणसांच्या मागे पडता का? थोडे चालून थांबावे लागते का? कपडे बदलतानाही धाप लागते का? भाची आज रुग्णाच्या कागदावर 'एमएमआरसी ग्रेड' लिहिते ते याच प्रश्नांचे उत्तर. स्वीडनच्या गुन्नार बोर्गने 6 ते 20 अशी श्रमाची पट्टी केली, ती साधारण नाडीच्या 60 ते 200 ठोक्यांना जुळावी म्हणून. तिथेही आकडा रुग्णाच्या तोंडून येतो.

आणि चालणे. 1968 साली केनेथ कूपरने अमेरिकन हवाई दलातल्या जवानांसाठी 12 मिनिटांची धावण्याची चाचणी मांडली. ब्रिटनमध्ये 1976 साली जुन्या ब्राँकायटिसच्या रुग्णांना तितकाच वेळ चालवून पाहिले. बिचाऱ्यांची दमछाक झाली असावी, कारण 1982 साली वेळ निम्मी केली तरी माहिती पुरेशी मिळते असे दिसून आले. आज जगभर चालते ती सहा मिनिटांची चाचणी: 30 मीटरचा सरळ बोळ, दोन टोकांना खुणा, थांबायची मुभा, आणि दर मिनिटाला ठरलेल्या शब्दांत धीर देणे. धीराचे शब्दही ठरलेले का? कारण जास्त प्रेमळ फिजिओथेरपिस्टचा रुग्ण जास्त चालतो. मला ही बारीक गोष्ट फार आवडते.

विचारण्यालाही जागा आणि वेळ लागते, ते कापसाच्या आजारात कळते. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंगने 1950 च्या दशकात अभ्यासला. त्याची खूण विचित्र होती. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी कामावर येताच छाती आवळून येई, मंगळवारी बरे वाटे. शिलिंगने प्रतवारीच त्यावर बेतली: कधीकधी सोमवारी, दर सोमवारी, सोमवार सोडून इतर दिवशीही, आणि शेवटी कायमचा दम. आपल्या कायद्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत बिसिनोसिस आहे. तो जास्त होतो कार्डिंग आणि सूतकताईच्या खात्यांत, मागावर तुलनेने कमी. पण लूमच्या बंद खोलीत तंतू उडतात हे ज्याने पाहिले आहे त्याला सांगायला नको.

पाठ्यपुस्तकात अजून सोमवारच आहे. मालेगावात यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारी असते. जुम्याची नमाज, बाजार, पूर्वी व्हिडिओ पार्लर, सगळे त्या दिवशी. आणि खटका पुन्हा सुरू होतो शनिवारी. तिथल्या कामगाराला कोणी विचारले, 'सोमवारी छाती जड होते का?' तर तो खरेपणाने 'नाही' म्हणेल, आणि तपासणारा खरेपणाने 'नाही' लिहून घेईल. भाचीला मी हे सांगितले तेव्हा तिने तक्त्यात 'सोमवार' खोडून 'सुट्टीनंतरचा पहिला दिवस' असे लिहिले, आणि खाली एक रिकामी ओळ ठेवली: सुट्टी कोणत्या वारी?